गरीब आईची ऑर्डर

माझ्या धंद्याला लातुरात कधी नाव मिळालं नाही. लोक मला 'फोटोवाल्या आपा' म्हणत, आणि मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंचे रंग वेगवेगळे करायचे, हे माझं काम. आता ते कुणी करत नाही, म्हणून संपादकमहाशयांना ती एकाएकी 'लोप पावत चाललेली कला' वाटायला लागली आणि दिवाळी अंकासाठी लेखाचा निरोप आला. धंदा चालू होता तेव्हा याच मंडळींनी मुखपृष्ठाच्या फिल्मा 'अर्जंट' म्हणून नेल्या आणि देवीच्या गालावर लाल जास्त आला म्हणून फोनवर ओरडले. असो. मान आलाच आहे तर घेते.

आधी काम समजावून सांगते, कारण माझ्या सख्ख्या जाऊबाईंनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. रंगीत चित्र एका दमात छापलं जात नाही. पिवळा, लाल, निळा असे रंग एकावर एक चढवतात; त्यांतूनच हिरवा, जांभळा, तपकिरी सगळं निघतं. प्रत्येक रंगासाठी वेगळी फिल्म लागते. फिल्म स्वतः रंगीत नसते, काळीच असते. कुठे किती रंग जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचा, एवढंच ती सांगते.

माझे अब्बा नांदेडला छापखान्यात प्लेटा करायचे. जस्ताच्या पत्र्यावर डिंक आणि बायक्रोमेटचं पाणी चढवायचे. बायक्रोमेट म्हणजे केशरी खडे, दिसायला खडीसाखरेसारखे आणि जातीचे विषारी. डिंकात ते मिसळलं की ऊन लागलेली जागा घट्ट धरून बसते आणि झाकलेली जागा पाण्यात विरघळून जाते. सगळी करामत एवढीच. अब्बांच्या बोटांच्या चिरा कधी भरल्या नाहीत, तरी ते म्हणायचे, "बेटी, उन्हासारखा इमानदार कारागीर न्हाई." कारागीर इमानदार असतो हो. गिऱ्हाइकाचं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

लग्न होऊन मी लातूरला आले. खाविंदांचं फिल्मा करण्याचं छोटं दुकान होतं, तिथेच मी कामाला लागले. भूकंप झाला तेव्हा आमच्या गल्लीत भांडी पडली, भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. तिकडे किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं दगडाखाली गेली. आणि आमच्या दुकानात गर्दी. कशाची म्हणाल? मदतीच्या ट्रकवर चिकटवायच्या पोस्टरांची. एका पुढाऱ्याचा ब्लँकेटांनी भरलेला ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा, आणि त्याचा कार्यकर्ता नमुना हातात धरून म्हणतोय, "साहेब काळे आलेत. जरा उजळ करा."

खाविंद म्हणाले, "ट्रक तरी जाऊ द्या. तिकडं माणसं पावसात बसून राहिलीत."

"बिगरफोटोचा ट्रक गेला तर तो कुणाचा म्हणायचा?"

साहेब उजळ झाले, मगच ब्लँकेटं हलली.

मग क्लासांचा जमाना आला. बार्शी रोड, औसा रोड, जिकडे बघावं तिकडे टॉपरांची तोंडं. निकालाच्या आठवड्यात एकाच पोराचा फोटो तीन क्लासांकडून आमच्याकडे यायचा. एका पोस्टरवर त्याला टाय, दुसऱ्यावर कपाळाला टिळा, तिसऱ्यावर क्लासच्या रंगाचा शर्ट. तिन्ही क्लास म्हणणार, 'आमचाच विद्यार्थी.' एकदा अशाच एका पोराचा बाप मुखेडहून आला, तिन्ही पोस्टरं शेजारी शेजारी बघितली आणि विचारात पडून म्हणाला, "ह्यो तर घरीच अभ्यास करत व्हता." मी त्याला खुर्ची दिली. दुसरं काय देणार?

पुढे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागली, चौकात फ्लेक्स आले आणि फिल्मांचा कारभार आटोपला. खाविंदही गेले. माझ्याकडे स्कॅनर राहिला, प्रिंटर राहिला, पारदर्शक फिल्म राहिली आणि अब्बांची विद्या राहिली. मी कागदावर छापू लागले. कॉम्प्युटरवर फोटोचे तीन रंग अलग करायचे, प्रत्येकाची फिल्म प्रिंटरवर काढायची. जाड कागदावर डिंक, बायक्रोमेट आणि पिवळा रंग असा लेप द्यायचा, वर पिवळ्याची फिल्म ठेवून काच दाबायची, गच्चीत उन्हात ठेवायचं, मग पाण्यात पालथं सोडायचं. वाळलं की लाल, मग निळा. चारी कोपऱ्यांतल्या खुणा जुळल्या नाहीत तर माणसाला दोन नाकं येतात. लातुरात ऊन फुकट आहे. पाणी मात्र नळाला कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. त्यामुळे माझी निम्मी कला बादल्या भरण्यात गेली. या चित्राचा गुण एकच. मातीचे, खनिजांचे रंग डिंकात पक्के बसलेले असतात, ते उडत नाहीत. हौशी लोक यायचे, आजोबांचे फोटो करून न्यायचे.

असं चाललं असताना एके सकाळी प्रल्हाद सर आले.

क्लासचं नाव सांगत नाही. लातुरात त्यांची इमारत काचेची होती आणि नांदेडला दुसरी उघडायची होती. सर तिशीतले, पांढरा शर्ट, पाठीमागे फोन धरायला माणूस. त्यांच्या पत्रकावर छापलेलं असे, 'ढिगाऱ्यातून शिखराकडे'. भूकंपात आई-बाप गेले, स्वतः ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, गरिबीतून शिकले, आज हजारोंना घडवतात, अशी गोष्ट. लातुरात सगळ्यांना ती पाठ होती. मीही कधीकाळी तिच्या फिल्मा काढल्या होत्या.

सरांनी पाकिटातून एक रंगीत फोटो काढला. लग्नातला होता. मांडवाच्या खांबाला धरून उभी असलेली चाळिशीच्या आतली बाई. फोटो पार लालसर, विटकरी पडलेला. त्या काळातल्या रंगीत फोटोंचं असंच होतं. पेटीत ठेवले तरी त्यांतला निळा आधी मरतो, मग सगळं जग भाजल्यासारखं दिसायला लागतं.

"माझी आई," सर म्हणाले. "नांदेडच्या इमारतीत दर्शनी भिंतीवर लावायची आहे. आमचे आर्किटेक्ट म्हणाले की तुमची प्रोसेस शंभर वर्षं टिकते आणि म्युझियमसारखी दिसते."

"टिकते," मी म्हणाले. "करून देते."

काम मी मनापासून केलं. स्कॅन करून तिन्ही रंग अलग केले. पिवळा शाबूत होता, लाल बऱ्यापैकी होता. निळा म्हणजे नुसती सावली. पण मेलेला नव्हता. तेवढाच धरून मी त्याला हळूहळू वर आणलं. मांडवातल्या आंब्याच्या पानांवर नजर ठेवली, कारण आंब्याचं पान कुठल्या रंगाचं असतं याबद्दल वाद होऊ शकत नाही. पानं हिरवी झाली आणि त्यांच्याबरोबर साडीही हिरवी झाली. गर्द हिरवी, तांबड्या काठाची, चांगली इरकल. गळ्यात बोरमाळ, पुतळ्यांची माळ. बाई कॅमेऱ्याकडे नीट बघत होती आणि गालात हसत होती.

नमुन्याचा छाप काढून सरांना दाखवला. सरांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कशाला केलं आपा? आधीचंच बरं होतं."

"आधीचा रंग उडालेला होता सर. हा खरा आहे."

"खरा असेल हो. पण पोरं बघणार, पालक बघणार. ही बाई गरीब वाटते का?"

मी छाप उजेडाकडे वळवला.

"साडी मळकी दिसली पाहिजे. आधी होती तशी. आणि हे गळ्यातलं काढून टाका. एवढं सोनं घातलेली आई दाखवून मी गरिबीचं भाषण कसं करू? जरा गरीब करून द्या."

लोकांनी मला पुढारी उजळ करायला सांगितलंय, जाड सासू बारीक करायला सांगितलंय, मेलेल्याचे डोळे उघडायला सांगितलंय. आई गरीब करून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी म्हणाले, "सर, गरीब करायला काही लागत नाही. निळ्याची फिल्म लावली नाही की झालं."

"बघा, सोपं आहे ना!" सर खूश झाले. टोमणा ऐकण्यासाठीही काहीतरी शिल्लक असावं लागतं.

"आणि गळ्यातलं?"

"ते तिन्ही फिल्मांवरून खोडावं लागेल. बघते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. सर म्हणाले उद्घाटन जवळ आलंय, आणि गेले. त्यांच्या पाठीमागे मी मनात जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शेती-सोनं असलेल्या घरातला हा माणूस, गरिबी विकून काचेची इमारत बांधतो, आणि वर आईच्या अंगावरचं उतरवतो. मला तर त्याच्याकडे बघवेना.

मी खोडलं नाही. आज खोडू, उद्या खोडू करत राहिले. आणि एक दिवस दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीकडे झुकलेली, हातात कापडी पिशवी.

"फोटोवाल्या आपा तुमीच का? मी गोदा. चाकूरकडून आले एसटीनं. परल्हादची थोरली भैन. माझा फोटो हाय तुमच्याकडं."

"तुमचा?"

"माझ्या लग्नातला हाय की! माझ्या पेटीत व्हता. 'दोन दिसांत आणून देतो अक्का' म्हणला अन् घेऊन गेला. आता फोन केला की म्हणतो, तो कामाला लावलाय. फोटो काय बैल हाय कामाला लावायला?"

मला ती तिथेच आवडली. मी फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला आणि पिशवीत घालता घालता तिची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या हिरव्या छापाकडे गेली. पिशवी तशीच खाली राहिली.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हिरवंच व्हतं. मी सांगायचे समद्यांला, मायनं हिरवं इरकल नेसलं व्हतं, तर फोटोत बघून मलाच येड्यात काढायचे. माझी लेक म्हणती, आज्जीचं लुगडं मातकट हाय." डोळे पुसले. "हासून राहिली बघा कशी."

मग मीही सोडलं नाही. सरांनी काय मागितलं ते तिला सांगितलं. म्हणाले, "एवढ्या चांगल्या घरची बाई, आणि तुमचा भाऊ तिला गरीब करायला निघालाय."

गोदाबाई माझ्याकडे बघत राहिली. "चांगल्या घरची? कुणी सांगितलं तुमाला? आमी गरीबच व्हतो, आपा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. ते गळ्यातलं शेजारच्या पाटलीणबाईचं. मायनं लग्नापुरतं मागून आणलं व्हतं. लुगडंबी मामानं घेतलेलं. फोटोवाला आला तर माय त्याला म्हणली, 'बाबा, गळ्यातलं नीट दिसू दे.' संध्याकाळी समदं परत देऊन आली."

मी खुर्चीत बसले. इतके दिवस मी ज्या माणसाला खोटारडा म्हणून शिव्या घालत होते तो गरिबीबाबत खरं बोलत होता. त्याच्याबद्दलचा माझा तिटकारा मात्र कमी झाला नाही. तो फक्त आधी उभा होता तिथून हलला आणि दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

"आणि ढिगाऱ्यातून काढलं ते?" मी विचारलं.

"कुणाला? परल्हादला? त्यो कुठला ढिगाऱ्यात! मुदखेडला मामाकडं व्हता साळंला. लहान व्हता लई. मायबाप गेले तवा त्याला गावात आणलंबी न्हाई कुणी."

बोलणं चालू असतानाच सर आले. बहिणीला बघून दारातच थांबले. फोन धरणाऱ्या माणसाला त्यांनी बाहेरच उभं केलं.

"अक्का, तू इथं कशाला?"

"फोटो न्यायला. अन् तू माझ्या मायच्या गळ्यातलं काढून राहिला म्हणं?"

"ते आपलं नव्हतंच अक्का. तूच सांगितलंस मला. उसनं होतं. मग काढलं तर खोटं काय झालं?"

"तिचं नव्हतं," गोदाबाई म्हणाली, "पर तिनं घातलं व्हतं."

वर्गात हजार पोरांना गप्प करणारा माणूस माझ्या दुकानात स्टुलावर बसला.

"लोकांना कळत नाही अशानं," ते म्हणाले. "गरीब म्हणजे गरीब दिसावं लागतं. नाहीतर विश्वास बसत नाही."

"अन् ढिगाऱ्यातून निघालो म्हणतो, ते?"

"मग काय सांगू? आई दगडाखाली होती आणि मी मामाच्या घरी झोपलो होतो, हे सांगू पोरांना?" आवाज एकदम फाटला त्यांचा. मग खाली बघून म्हणाले, "मला ती आठवतच नाही, अक्का. तुला सगळं आठवतं, लुगडं आठवतं, बोलणं आठवतं. मला तिचं काही आठवत नाही. मी जे भाषणात बोलतो तेवढीच आहे माझ्याकडे."

गोदाबाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता काही घडेल. तेवढ्यात बाहेरचा माणूस आत डोकावला, "सर, मंडपवाला लाइनवर आहे," आणि सर उठून फोन घेत बाहेर गेले, ते गाडीत बसूनच गेले. यांच्या आयुष्यात रडायलाही वेळापत्रक लागतं.

गोदाबाई फोटो घेऊन गेली. जाताना म्हणाली, "ह्यो हिरवा माझ्यासाठी ठिवा. त्याला देऊ नका." मी शब्द दिला.

उद्घाटनाला मला पत्रिका आली, म्हणून नांदेडला गेले. माहेरचं गाव, त्या निमित्ताने भावालाही भेटणं झालं. दर्शनी भिंतीवर माझं काम नव्हतं. सरांनी स्वतःच्या मोबाइलमधल्या फोटोवरून फ्लेक्स करून घेतला होता. विटकरी साडी, मोकळा गळा, आणि फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या कल्पनेने खांद्यावर एक ठिगळही लावलं होतं. ठिगळाचे टाके इतके सारखे की शाळेत शिवणाला पहिला नंबर आला असता. खाली लिहिलं होतं, 'ढिगाऱ्यातून शिखराकडे'.

सरांचं भाषण झालं. ढिगारा आला, भूक आली, आईचा फाटका पदर आला. पालक डोळे पुसत होते. मग सर म्हणाले, "माझी ताई आज इथं आहे, ती दोन शब्द बोलेल." अक्काची ताई झाली होती. माइकवर तेच शोभतं.

गोदाबाई उठली. साधी, स्वच्छ सुती साडी नेसली होती. माइक तिच्या तोंडापेक्षा उंच होता, कुणी खाली केला नाही. तिने मान वर करून बोलायला सुरुवात केली.

"आमी गरीब व्हतो," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली. "पर आमची माय गबाळी नव्हती. ठिगळाचं नेसून ती कधी चारचौघांत गेली न्हाई. माझ्या लग्नात तिनं हिरवं लुगडं नेसलं व्हतं. ही फोटोतली बाई माझी माय न्हाई."

मग सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइक काढून घेतला आणि म्हणाली, "किती भावस्पर्शी! यानंतर आपण वळूया गुणवंतांच्या सत्काराकडे." बँड वाजला. पोरं रांगेत उभी राहिली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी सरांकडे बघत होते. ते शाली वाटत होते आणि त्यांचे हात चुकत होते. एकाच पोराला त्यांनी दोन शाली घातल्या.

महिन्याभराने सर दुकानात आले. एकटेच.

"तो हिरवा छाप मला द्या," म्हणाले. "ऑर्डर माझीच होती."

"ऑर्डर गरीब आईची होती सर. ती मी केलीच नाही. ही जी झाली ती तुमच्या बहिणीची आहे. तिनेच येऊन नेली."

"अक्का माझा फोन घेत नाही."

"चाकूर काही लंडनला नाही," मी म्हणाले. "एसटी जाते. तुमची गाडीही जाईल."

मला राग होता आणि मी तो लपवला नाही. ते उठून गेले. चाकूरला जातील असं मला वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी गोदाबाईचा फोन आला. आधी तिने सोयाबीनची, सुनेची, पावसाची सगळी खबर सांगितली. मग म्हणाली, "परल्हाद येऊन गेला, आपा."

"काय म्हणाला?"

"काय म्हणतो! मायच्या फोटोम्होरं बसून ऱ्हायला. भाकर खाल्ली. जाताना मला म्हणला, अक्का, माय मला काय म्हणून हाक मारायची? परल्हाद म्हणायची का?"

"मग? सांगितलंत?"

"सांगितलं की."

"काय म्हणायची ती?"

"ते त्याचं हाय आपा," गोदाबाई म्हणाली. "तुमाला कशाला पायजे?"